दोन कनेक्शनं, दोन मेल-पेट्या (विंडोज ९८ आणि डायल-अपच्या काळातली प्रश्नोत्तरं)

प्रश्न : संध्याकाळी एका इंटरनेट कंपनीचा नंबर सतत एंगेज लागतो म्हणून दुसऱ्या कंपनीचंही डायल-अप (फोन फिरवून लागणारं इंटरनेट) घेतलं. दोन्हीकडे मेलचे पत्ते आहेत. आउटलुक एक्स्प्रेस या मेलच्या प्रोग्रॅममध्ये 'सेंड अँड रिसीव्ह' दाबलं की पहिली पेटी तपासून होते आणि कॉम्प्युटर फोन तोडून दुसरा नंबर फिरवू लागतो. दर वेळी दोन कॉल पडतात. उपाय काय? (विंडोज ९८)
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मेल घ्यायला दुसरा फोन करावाच लागत नाही. पीओपी सर्व्हर, म्हणजे आलेली मेल देणारा कंपनीचा कॉम्प्युटर, फक्त नाव आणि पासवर्ड बघतो. तुम्ही कुणाच्या लाइनवरून आलात याच्याशी बहुतेक ठिकाणी त्याला घेणंदेणं नसतं. 'टूल्स', 'अकाउंट्स', 'मेल' इथे एकेक खातं निवडून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'कनेक्शन' या पानावरची 'ऑलवेज कनेक्ट टू धिस अकाउंट युझिंग' ही खूण दोन्ही खात्यांतून काढा. आता जो नंबर लागेल त्यावरून दोन्ही पेट्या रिकाम्या होतील.

खरी अडचण मेल पाठवताना येते. एसएमटीपी सर्व्हर, म्हणजे तुमची मेल बाहेर पाठवणारा कॉम्प्युटर, सहसा आपल्याच लाइनवरच्या ग्राहकाची मेल पुढे ढकलतो. परक्या लाइनवरून गेलात तर ५५० क्रमांकाची एरर आणि 'रिलेइंग डिनाइड', म्हणजे मेल पुढे ढकलायला नकार. पासवर्ड चुकलाय असं समजून लोक तो दहादा टाइप करतात, पण चूक तिथे नसतेच. कंपनी एसएमटीपीला पासवर्ड स्वीकारत असेल तर 'सर्व्हर्स' पानावर 'माय सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन' ला खूण करा. मग कुठूनही मेल जाईल. काही सर्व्हर आधी मेल घेतली तर पुढची काही मिनिटं पाठवूही देतात, तेही करून पाहा.

दोन्ही जमलं नाही तर खात्याची नक्कल करा. 'अकाउंट्स' मध्ये खातं 'एक्स्पोर्ट' करून तीच फाइल 'इम्पोर्ट' करा. नकलेला 'घर, दुसरी लाइन' असं ओळखू येणारं नाव द्या, आउटगोइंगच्या रकान्यात दुसऱ्या कंपनीचा एसएमटीपी लिहा आणि 'इन्क्लूड धिस अकाउंट व्हेन रिसीव्हिंग मेल' ची खूण काढा. ही खूण राहिली तर एकच पेटी दोनदा तपासली जाते. दोन पत्ते, दोन लाइनी, म्हणजे चार खाती. पत्र लिहिताना वरच्या 'फ्रॉम' मधून चालू लाइनीचं खातं निवडायचं. आउटबॉक्समध्ये अडकलेलं पत्र जुन्याच खात्याला बांधलेलं असतं. ते उघडून 'फ्रॉम' बदला आणि पुन्हा पाठवा.

प्रश्न : दुसरं कनेक्शन लागतं, पण काहीच उघडत नाही. मेलही 'होस्ट सापडला नाही' म्हणते.
— रामबाग, इंदूर

उत्तर : पहिल्या कंपनीच्या माणसानं कंट्रोल पॅनेलमध्ये डीएनएसचे (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचे) आकडे कायमचे भरलेले असणार. ते सगळ्याच कनेक्शनांना लागू होतात आणि पहिल्या कंपनीचा डीएनएस परक्या ग्राहकाला उत्तर देईलच असं नाही. 'नेटवर्क' मध्ये डायल-अप अडॅप्टरसमोरच्या टीसीपी/आयपीच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'डिसेबल डीएनएस' निवडा. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून प्रत्येक कनेक्शनच्या 'टीसीपी/आयपी सेटिंग्ज' मध्ये 'सर्व्हर असाइन्ड' ठेवा. तिथेच 'सर्व्हर टाइप्स' वर 'लॉग ऑन टू नेटवर्क', 'नेटबुई' आणि 'आयपीएक्स' (इंटरनेटला न लागणाऱ्या नेटवर्कच्या पद्धती) यांच्या खुणा काढल्यात तर कनेक्शन लागायलाही कमी वेळ लागतो.

प्रश्न : लाइन तुटली की आलेल्या मेल पुन्हा पहिल्यापासून येतात.
— स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : पीओपीमध्ये सर्व्हरवरची मेल पुसली जाते ती शेवटी नीट निरोप घेतल्यावर. मध्येच लाइन गेली तर सर्व्हरच्या लेखी तुम्ही काहीच नेलेलं नाही. जोडलेली फाइल मेलमध्ये साधारण एक तृतीयांशानं फुगते : १ एमबीचा फोटो सेकंदाला साडेतीन केबी वेगानं यायला साडेसहा मिनिटं घेतो. तेवढ्यात कुणी आतल्या खोलीतला फोन उचलला किंवा कॉल वेटिंगची टुकटुक झाली की संपलं. कॉल वेटिंग बंद करून घ्या, पॅरलल फोनची वायर काढा आणि खात्याच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर 'सर्व्हर टाइमआउट' ५ मिनिटांवर न्या.