खोक्यातली सातेरी पेटीत आणताना काळी पोळी फेकू नका

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. काटोल रोडवरच्या बगीच्यात जुन्या लाकडी खोक्यात वर्षभरापासून सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, बसली आहे. तिच्यासाठी तुम्ही फ्रेमची 'ए' टाइप पेटी (सातेरीच्या मापाची, पोळी टांगायला लाकडी चौकटी असलेली) आणली आहे. रविवारी दुपारी माश्या झटकून नव्या पेटीत टाकायच्या आणि जुनी काळी पोळी फेकून द्यायची, असा तुमचा बेत आहे. बाकी सगळं करा, पण पोळी फेकू नका. एवढ्याचसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

सातेरी घराला धरून राहत नाही, पिल्लांना धरून राहते. पोळ्यात उघड्या अळ्या असतील तर कामकरी माश्या त्यांना भरवायला थांबतात. रिकाम्या, स्वच्छ पेटीत तिला थांबवेल असं काहीच नसतं. मी सुरुवातीला हिंगण्याजवळ नेमकं तुमच्यासारखंच केलं होतं. पेटी घासूनपुसून घेतली, फ्रेम कोऱ्या, माश्या झटकून आत. संध्याकाळी सगळं शांत होतं. दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास सगळा घोळका बाहेर पडला, समोरच्या कडुलिंबावर थोडा वेळ टेकला आणि निघून गेला. फेकलेल्या पोळ्यांत अंडी होती, अळ्या होत्या, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. ते दृश्य मी विसरलो नाही.

पोळं काळं दिसतं ते घाणीमुळे नाही. एकेक पिढी बाहेर पडताना कोशाचा पातळ पदर पोळ्याच्या घरात (कप्प्यात) मागे राहतो, त्यामुळे ते काळपट आणि चिवट होतं. आपल्या कामाला तेच बरं, कारण पांढऱ्या कोवळ्या पोळ्याला दोरा बांधला की तो मेण कापत आत जातो. नको असलेलं जुनं पोळं सातेरी स्वतःच कुरतडून पाडते, ती चिंता तुम्ही करू नका.

वेळ तुम्ही चांगली निवडली आहे. आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हिवाळा सरतानाचा फुलोरा, फुलला आहे, बाहेरून मकरंद आणि पराग येतो आहे. होळीनंतर आपल्याकडे ऊन चढतं, मेण मऊ पडतं, बांधलेलं पोळं फ्रेममधून घसरतं. म्हणून होळीच्या आतच उरका. फक्त भर दुपारी नको. साडेतीन-चारला सुरू करा, दिवस मावळायच्या आत संपवा. अंधार पडला की दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटायला येत नाहीत आणि तुमच्या माश्यांना रात्रभर सावरायला वेळ मिळतो.

खोका थोडा बाजूला सरकवा आणि नवी पेटी बरोब्बर त्याच जागी ठेवा. दाराची उंची आणि दिशाही तीच हवी. धूर अगदी कमी द्या, जास्त धुराने सातेरी पोळी सोडून पळत सुटते. मग कडेपासून एकेक पोळं कापा. वरचा मधाचा भाग वेगळा करून झाकणाच्या डब्यात टाका. तो नव्या पेटीत अजिबात नको, मध गळला की मुंग्या आणि लूट दोन्ही ठरलेली. उरलेला पिल्लांचा भाग फ्रेमच्या मापाने कापा, वरची कड सरळ करून वरच्या पट्टीला भिडवा आणि केळीच्या सोपाने किंवा जाड सुती दोऱ्याने दोन जागी बांधा. वरची बाजू वरच राहिली पाहिजे. घरं किंचित वर झुकलेली असतात, पोळं उलटं बांधलं तर सगळंच उलटं होतं. चार-पाच दिवसांत माश्या मेणाने पोळं पट्टीला जोडतात आणि दोरा कुरतडून बाहेर टाकतात. सगळी पिल्लांची पोळी मधोमध, एकमेकांशेजारी लावा. विखुरली तर रात्रीच्या गारव्यात पिल्लं मरतात, त्यांना 34-35 अंशांची ऊब लागते.

राणी दिसली तर तिला बोटांनी धरू नका, ती असलेलं पोळं तसंच उचला. नाही दिसली तरी घाबरू नका. खोक्याच्या कोपऱ्यात जमलेला घोळका हलक्या हाताने पेटीत ओता आणि दाराकडे बघत बसा. माश्या दारात शेपूट वर करून पंख हलवू लागल्या आणि बाहेरच्या आत शिरू लागल्या, की राणी आत आहे असं बहुधा समजा. मग दाराला राणीरोधक पट्टी (कामकरी माश्या जातात, राणी अडते अशी) लावा, पण तीन-चार दिवसच. पोळ्यात ताजी अंडी दिसली असतील तरच लावा. राणी अजून कुमारी असेल तर तिला मीलनासाठी बाहेर जावंच लागतं, पट्टीने तुम्ही वसाहत बुडवाल.

मित्राकडची मेलिफेराची (मोठ्या युरोपीय मधमाशीची) लँगस्ट्रॉथ ही मोठी पेटी चालेल का, असंही विचारलंत. नको. मेलिफेराच्या पोळ्यांत मध्यापासून मध्यापर्यंत साधारण 35 मिलिमीटर अंतर असतं, सातेरीचं त्याहून कमी. ती फ्रेमच्या मधोमध न बांधता तिरकी बांधत सुटते. शिवाय एवढी मोठी जागा तिच्याने राखली जात नाही, आणि रिकामी पोळी मेणकिडा धरतो. मेलिफेराचा मेणपत्रा (घरांचा ठसा असलेला मेणाचा पातळ पत्रा) हाही नको, त्यावरची घरं तिच्यासाठी मोठी असतात.

रात्री पेटीच्या आत साखरेचा पाक द्या, पाणी आणि साखर सारखी. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. रिकामा खोका त्याच दिवशी बगीच्यातून दूर न्या, वासाने माश्या परत तिकडे जातात.

मग पाच दिवस झाकण उघडायचं नाही, कितीही वाटलं तरी. सकाळी आठ-नऊला दारासमोर बसा आणि पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या आत जातात का ते बघा. पराग पिल्लांसाठीच येतो. तो येत असेल तर त्या राहिल्या. काय दिसलं ते इथे लिहा, मी वाट बघतो.