शाळेत जंताची गोळी घेतली, तरी पंधरा दिवसांत पुन्हा खाज का?

गोळी वाया गेलेली नाही. पुण्यात पालिकेच्या शाळांत, अंगणवाड्यांत जंतनाशक दिनाला देतात ती अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यातून. तिने जंत मरतात, पण सुतासारख्या कृमींची अंडी वाचतात. रात्री मादी गुदद्वाराशी अंडी घालते, मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात आणि सकाळी डब्यातल्या पोळीबरोबर परत पोटात! म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस, तोही घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. इथेच बहुतेक जण चुकतात. गोळी चावूनच खायला लावा, अख्खी गिळली तर लहानांच्या घशात अडकते. नखं कापा, चादरी गरम पाण्यात धुवा. घरात कुणी गरोदर असेल किंवा कुणाला फिट येत असेल, तर त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.