'टॉप गन: मॅव्हरिक' नुसत्या नॉस्टॅल्जियावर चालला का? आणि त्यातलं फ्लाइंग खरंच खरं आहे का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की एक मित्र म्हणतो हा सिनेमा म्हणजे चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांच्या आठवणींवर पैसे छापायचा धंदा, आणि दुसरा म्हणतो यात एकही शॉट कॉम्प्युटरवरचा नाही, सगळं खरं. माझ्या मते दोघंही अर्धे चुकतायत, आणि कुठे चुकतायत ते बघितलं की सिनेमा का चालला ते आपोआप कळतं.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. माझं लहानपण नाशिकजवळ ओझरला गेलं, जिथे एचएएलच्या सरकारी कारखान्यात मिग लढाऊ विमानं बनायची. काका तिथे हँगरला कामाला होते. नव्वदच्या दशकात कधीतरी केबलवर १९८६चा 'टॉप गन' लागला होता, आम्ही पोरं आ वासून बघतोय, आणि शत्रूची काळी विमानं आली, नाव काय तर 'मिग-२८'. काका जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "हे कधी बनवलं रे आम्ही?" कारण मिगच्या फायटरचे नंबर विषम असतात, २१, २३, २७, २९. २८ असं काही नाहीच. ती विमानं म्हणजे काळा रंग मारलेली अमेरिकन एफ-५ होती. तेव्हापासून आमच्या घरात कुणी थाप मारली की "मिग-२८ आलं बघा" असं म्हणायची पद्धत आहे.

तर दुसरा भाग, म्हणजे हा 'मॅव्हरिक', यायला ३६ वर्षं लागली. २०१९ ला येणार होता, मग पुढे ढकलला, मग कोविड आला, आणि ओटीटीला न देता शेवटी मे २०२२ ला थेटरमध्येच आला. मी पुण्यात आयमॅक्सला पोरीला घेऊन बघितला. तिने पहिला बघितलाच नव्हता हो! मॅव्हरिक म्हणजे टॉम क्रूझ एवढंच ठाऊक, पहिल्या भागातला त्याचा जोडीदार गूज कोण, प्रतिस्पर्धी आइसमन कोण, काही माहीत नाही, तरी शेवटच्या अर्ध्या तासात माझा हात सोडेना. म्हणजे नुसता नॉस्टॅल्जिया हे उत्तर तिथेच बाद झालं माझ्यासाठी. जगभरात जवळपास दीडशे कोटी डॉलरचा धंदा झाला, एवढी तिकिटं एकट्या आमच्या पिढीने नाही काढलेली.

आता फ्लाइंग. पहिल्या सिनेमातसुद्धा नटांना नौदलाच्या एफ-१४ या लढाऊ विमानात बसवून वर नेलं होतं, पण बरेचसे ओकाऱ्या काढून खाली आले आणि ते फुटेज फारसं कामाला आलं नाही, कॉकपिटमधले बहुतेक शॉट जमिनीवर मॉकअपमध्ये, म्हणजे नकली कॉकपिटमध्ये घेतले. या वेळी काय केलं, तर एफ/ए-१८एफ सुपर हॉर्नेट हे दोन सीटचं विमान घेतलं, पुढे नौदलाचा खरा पायलट, मागे नट, आणि कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे, त्यातले बरेचसे नटाच्या तोंडावर. त्याआधी काही महिने ट्रेनिंग, आधी छोटं सेस्ना, मग कसरतीचं एक्स्ट्रा ३००, मग एल-३९ जेट, म्हणजे शरीराला हळूहळू सवय. वर गेल्यावर सोबत दिग्दर्शक नाही, कॅमेरामन नाही, कॅमेरा चालू करणं, सूर्य कुठे आहे बघणं, डायलॉग म्हणणं सगळं त्यांनीच करायचं, खाली येऊन फुटेज बघायचं आणि नाही जमलं तर परत वर.

कंट्रोलला मात्र त्यांनी हात लावलेला नाही. टॉम क्रूझलाही नौदलाने हॉर्नेट उडवू दिलं नाही. शेवटी दिसतं ते जुनं प्रोपेलरवालं पी-५१ मस्टँग मात्र त्याचं स्वतःचं आहे आणि ते तोच उडवतो.

यात खरं काय मिळालं, तर चेहरा. विमान जोरात वळलं की शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या कितीपट जोर येतो ते 'जी'मध्ये मोजतात. सात जी म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला आपण जवळपास पाचशे किलोचे झालोय असं वाटतं, हेल्मेटसकट डोकंच चाळीसेक किलोचं होतं, गाल खाली ओघळतात, रक्त डोक्यातून पायाकडे ओढलं जातं, ते रोखायला जी-सूट नावाचा खास पोशाख पायांना आवळतो आणि पोटाचे, मांड्यांचे स्नायू घट्ट करून तो कुंथल्यासारखा श्वास घ्यावा लागतो. तो श्वास आणि ते ओघळलेले गाल अभिनयाने येत नाहीत. माझ्या पोरीने हात सोडला नाही तो यामुळे, गोष्ट वगैरे नंतर.

पण "एकही शॉट कॉम्प्युटरवरचा नाही" ही शुद्ध थाप, मिग-२८ छाप! या सिनेमात दोन हजारांवर व्हीएफएक्स शॉट, म्हणजे कॉम्प्युटरची करामत केलेले शॉट आहेत. सुरुवातीला उडणारं डार्कस्टार हे काल्पनिक विमान, शत्रूची पाचव्या पिढीची विमानं, आकाशात उडणारं एफ-१४, सगळं कॉम्प्युटर. एफ-१४ तर उडवणं शक्यच नव्हतं, अमेरिकन नौदलाने ते २००६ मध्येच निवृत्त केलं आणि सुटे भाग इराणला जाऊ नयेत म्हणून बरीचशी विमानं चक्क तुकडे करून टाकली. इराणकडे शहाच्या काळात घेतलेली होती ना. सिनेमात शत्रू देशाचं नाव घेत नाहीत, पण युरेनियमचा भूमिगत कारखाना आणि हँगरमध्ये एफ-१४ म्हटल्यावर समजायचं ते समजतं. (विमानं मात्र रशियाच्या सुखोई-५७ सारखी, जी त्या देशाकडे नव्हतीच. म्हणजे सगळ्या नावडत्यांची भेळ.)

आणि मिशन, म्हणजे दरीतून खालून उडत जाऊन तो कारखाना उडवणं? तिथे तर्क लावू नका. एफ-३५ हे जास्त आधुनिक विमान का नाही न्यायचं, तर म्हणे जीपीएस जॅम आहे. खरं कारण सोपं आहे, एफ-३५ ला सीट एकच, नट कुठे बसवणार? विमानतळ टोमाहॉक क्षेपणास्त्रांनी उडवतात, मग दरीवरची सॅम, म्हणजे विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं पण त्यानेच का नाही उडवत? नौदलाकडे रडार जॅम करणारं ग्राउलर हे याच हॉर्नेटचं भावंड आहे, ते कुठे गेलं? जून २०२५ मध्ये अमेरिकेने खरोखर इराणच्या फोर्दो या भूमिगत अणुकेंद्रावर हल्ला केला तेव्हा सात बी-२ बॉम्बर मिसुरीहून अठरा तास उडत गेले आणि उंचावरून साडेतेरा हजार किलोचे बॉम्ब टाकून परत आले. दरीबिरी काही नाही. पण अठरा तास शांत बसलेल्या दोन पायलटांवर सिनेमा कोण काढेल! आणि सुरुवातीला मॅक १० ला, म्हणजे आवाजाच्या दहापट वेगाला, डार्कस्टार तुटून मॅव्हरिक चालत हॉटेलात येणं... १९६६ मध्ये एसआर-७१ हे अमेरिकन टेहळणी विमान मॅक ३ च्या थोडं वर असताना हवेत तुटलं होतं, त्यातला बिल वीव्हर वाचला हेच आश्चर्य मानतात, त्याच्या मागे बसलेला सहकारी गेला.

म्हणजे अंगाला जे होतं ते खरं आणि युद्ध खोटं, असा हिशोब आहे. मला तो पटतो.

नॉस्टॅल्जियाचंही तसंच. सुरुवात अगदी पहिल्या सिनेमासारखी, तीच पाटी, तेच संगीत, जहाजाच्या डेकवरची वाफ, तेच गाणं. जॅकेट, बाइक, बारमधला पियानो, समुद्रकिनाऱ्यावरचा खेळ, हे मला जरा जास्तच वाटलं, जुन्या अल्बममधले फोटो एकेक काढून दाखवल्यासारखं. पण आइसमनचा सीन वेगळा. आइसमन झालेल्या व्हॅल किल्मरला घशाचा कॅन्सर झाला होता, आवाज गेला होता, आणि सिनेमातही आइसमन आजारी आहे, कॉम्प्युटरवर टाइप करून बोलतो, शेवटी उठून मोजकी वाक्यं कशीबशी बोलतो. तिथे आठवण काढावी लागत नाही, ३६ वर्षं समोर बसलेली दिसतात. एप्रिल २०२५ मध्ये किल्मर गेला, आता तो सीन मला परत बघवत नाही.

काकांनी नंतर घरी ओटीटीवर बघितला. सगळा वेळ "काहीही" म्हणत होते. मग मॅव्हरिक आणि गूजचा मुलगा रूस्टर शत्रूच्या हँगरमधलं एफ-१४ सुरू करतात तिथे एकदम पुढे सरकले, कारण मॅव्हरिक आधी रूस्टरला खाली उभ्या मशीनचं बटण दाबून हवा द्यायला सांगतो, विमानाला लावलेल्या सुरक्षेच्या पिना काढायला लावतो. बाहेरून हवा दिल्याशिवाय ते इंजिन सुरू होतच नाही. काका म्हणाले, "हे कुणीतरी हँगरवाल्याला विचारून लिहिलंय." दोन मिनिटांनी तेच विमान टॅक्सीवेवरून पुढचं चाक तोडत उडालं तेव्हा परत "काहीही".

सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं ते आम्ही टीव्हीवर एकत्र बघितलं. या विमानाला 'उडती शवपेटी' म्हटलेलं काकांना अजिबात खपत नाही, आणि किती पायलट गेले तेही त्यांना चांगलं माहिती आहे. मी मुद्दाम म्हटलं, काका आता यावर सिनेमा काढायला पाहिजे. ते म्हणाले, "काढा, पण पिना काढताना दाखवा."