आईवडिलांना एआयच्या नकली आवाजापासून वाचवायला त्यांचा स्मार्टफोन काढून घ्यावा का?

अजिबात नाही. प्रश्न वाचून डोकंच फिरलं, आमचा दादा कायम हेच म्हणतो, "मायला फोनपे कामून टाकून दिलास, कुणीबी गंडवल तिला." दादा लातूरला मास्तर, माय औशाकडं गावात एकटी. फोनपे मी टाकून दिलं, बचत गटाच्या हप्त्यासाठी शेजारच्या पोराला किती दिवस मस्का लावणार ती?

तर फोन आला दादालाच. भाच्याचा हुबेहूब आवाज, रडायलाय, "पप्पा, माझ्या गाडीखाली माणूस आला, चौकीत बसवलंय, मम्मीला सांगू नका." मग कुणीतरी साहेब हिंदीत, केस मिटवायचीय तर आत्ता पाठवा, फोन कट करायचा नाही. दादानं ६० हजार पाठवले, आणि पोरगं तिकडं पुण्यात अभ्यासिकेत फोन सायलेंटवर टाकून बसलेलं.

त्याच दुपारी मायला पण तोच आवाज. ती तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, म्हणली "बरं बाबा, ठेव, मीच लावते तुला," आणि ठेवला की सरळ! ते ओरडायलेत ठेवू नका म्हणून, हिला काय त्याचं. नातवाला लावला, उचलंना, मग वहिनीला लावला आणि तिथं सगळं बाहेर आलं. वहिनीनं लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला म्हणून थोडे पैसे पुढच्या खात्यात अडकले, बाकीचे गेले ते गेलेच.

आवाज ओळखायच्या भानगडीत पडूच नका. रीलमधले काही सेकंद मिळाले तरी नक्कल होते, वर रडारड घातली की उरलेला फरक पण झाकून जातो, आणि स्क्रीनवरचा नंबरसुद्धा खोटा दाखवता येतो. ठेवायचा आणि सेव्ह केलेल्या नंबरवर आपण लावायचा, नाही उचलला तर घरातल्या दुसऱ्याला. "कुणाला सांगू नका" म्हणलं की तर नक्कीच सांगायचं. घरचा एक प्रश्न पण ठरवून ठेवा, वाढदिवस वगैरे नको, ते फेसबुकवर असतंय. पोळ्याला कुणाच्या बैलानं शिंग मारलं, असलं काहीतरी.

दादा म्हणतो मायचं नशीब. नशीब कसलं, शिकलेल्या माणसाला मधेच फोन ठेवायची लाज वाटते, मायला नाही वाटत.

हां, ज्यांना खरंच विसरायला होतं, ऐकू कमी येतं, त्यांचं यूपीआय वेगळ्या खात्याला जोडा आणि त्यात दोनचार हजारच ठेवा. दादानं पण तसंच करावं.