परदेशी सहलीत पतंग शोधण्यापूर्वी

पतंग, म्हणजे रात्री दिव्याकडे झेपावणारे फुलपाखरांसारखे कीटक, पाहायला मलेशियाला निघण्याआधी तुम्ही दोन-चार रात्री सातारा परिसरातच घालवाव्यात, असे मी सुचवेन. ठोसेघर किंवा कोयनेच्या बाजूला पावसाळ्यात दोरीवर पांढरी चादर टाकून तिच्यापुढे दिवा लावला, की घरचे पतंग ओळखीचे होतात. नाहीतर सुमारे २४ सेंटिमीटर पंखविस्ताराचा अ‍ॅटलास पतंग, जो आपल्या सह्याद्रीतही आढळतो, तिकडे दिसताच काही अपूर्व गवसल्यासारखे वाटते. माझे तसेच झाले होते.

तिकडे चादर नेलीच पाहिजे असे नाही. डोंगरातील मुक्कामाच्या व्हरांड्यातला दिवा सुरुवातीला पुरतो. अमावास्येच्या आसपासची, वारा नसलेली दमट रात्र निवडावी आणि पहाटे, पक्षी भिंतीवरचे पतंग टिपू लागण्याआधी, पुन्हा एक फेरी मारावी. नवशिके नेमकी हीच फेरी झोपेत घालवतात.

दुसरी चूक बोटांची. पंख चिमटीत धरले, की त्यांवरचे खवले भुकटीसारखे बोटांना लागतात आणि नक्षी पुसली जाते. त्याऐवजी पंख पूर्ण दिसतील असा फोटो, शेजारी नाणे ठेवून, वरून घ्यावा. मेलेला पतंगसुद्धा परवान्याशिवाय बॅगेत घालू नये. सापळे, मर्क्युरी (पाऱ्याच्या वाफेचे प्रखर) दिवे आणि शास्त्रीय नावे यांचा विचार पुढच्या खेपेला करू.