रॅम बदलण्याआधी एक रात्र थांबा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी देवबागला घरच्या पडवीत ऑनलाइन फॉर्म, सातबारा काढून देणं, लग्नपत्रिका आणि हँडबिलं असं काम करते. डेस्कटॉप सहा वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला आहे, ४-४ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आहेत. मिरगापासून तो दिवसातून तीन-चार वेळा निळा पडदा दाखवून आपोआप रीस्टार्ट होतो. पडद्यावरचा संदेश दरवेळी वेगळा असतो. झिप फाइल उघडली तर ‘फाइल खराब आहे’ म्हणतो, तीच फाइल भावाच्या लॅपटॉपवर व्यवस्थित उघडते. विंडोज दोनदा नव्याने टाकलं, दुसऱ्या वेळी तर ते अर्ध्यातच अडकलं. दुरुस्तीवाल्या दादांनी रॅम काढून खोडरबराने घासून बसवली. आठ दिवस छान चालला, नंतर पुन्हा तेच. आता ते म्हणतात रॅम गेली, नवीन घ्या, कदाचित मदरबोर्डही बदलावा लागेल. चतुर्थी तोंडावर आहे आणि मंडळाची चाळीस पानी आरतीची पुस्तिका याच मशीनमध्ये आहे. काय करू?

उत्तर : आधी पुस्तिका वाचवू. ती या मशीनवरून पेन ड्राइव्हवर कॉपी करू नका. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीतून, जाते. रॅम किंवा तिचा सांधा बिघडलेला असेल तर डिस्कवरची चांगली फाइल पेन ड्राइव्हवर बिघडून उतरेल आणि ते तुम्हाला छापून आल्यावर कळेल. मशीन बंद करा, डिस्क काढून घ्या आणि यूएसबीच्या केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून भावाच्या लॅपटॉपला जोडा. फाइल तिथे उतरवा आणि पुस्तिकेचं उरलेलं काम तिथेच करा. तिसऱ्यांदा विंडोज टाकू नका. ‘डिस्क दुरुस्त करा’ अशी कुठलीही आज्ञाही सध्या देऊ नका, कारण बिघडलेल्या स्मृतीच्या भरवशावर डिस्कवर काही लिहायला लावणं म्हणजे चांगल्या भागाचाही नाश करून घेणं.

तुमच्या पत्रातल्या तीन खुणा मला महत्त्वाच्या वाटतात. संदेश दरवेळी वेगळा आहे. ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असे संदेश आलटून पालटून येत असतील तर संशय स्मृतीवर जातो. दरवेळी एकच संदेश आणि खाली एकाच फाइलचं नाव आलं असतं, तर मी आधी ड्रायव्हरकडे (एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) पाहिलं असतं. निळा पडदा न येता दिवा विझल्यासारखं मशीन फटकन बंद झालं असतं, तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा), यूपीएस नाहीतर प्रोसेसरची उष्णता तपासली असती. दुसरी खूण झिप फाइलची. झिपमध्ये आतल्या मजकुराचा पडताळा घेणारा आकडा साठवलेला असतो, म्हणून एक अंश जरी बदलला तरी ती तक्रार करते. फोटो किंवा साधा मजकूर अशी तक्रार करत नाही, तो गुपचूप बदलतो.

हा बदल किती छोटा असतो ते बघा. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरांना देतो त्या क्रमांकांच्या यादीत, ‘क’ आणि ‘ग’ यांच्या क्रमांकांत फक्त एका बिटचा (म्हणजे एका शून्य-एकच्या खुणेचा) फरक आहे. ते एक बिट उलटलं की ‘काय’चं ‘गाय’ होतं. ‘१’ आणि ‘९’ यांच्यातही एकाच बिटचं अंतर आहे. तुमच्याकडे लोक कर्जाचे आणि जमिनीचे कागद भरायला येतात, म्हणून हे मी इतकं सांगते आहे. हा नुसता वेळ खाणारा बिघाड नाही.

रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा) आणि एक ट्रान्झिस्टर (त्याची वाट उघडणारा-मिटणारा). या रचनेचं पेटंट आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळालं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. कपॅसिटरमधला भार सतत गळत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. तुमच्या ८ जीबीत असे ६,८०० कोटींहून जास्त कपॅसिटर आहेत. त्यातला एक कमजोर निघाला किंवा त्याच्यापर्यंत जाणारी एक वाट अधूनमधून तुटली, तर मशीन दिवसभर बरं चालतं आणि नेमकं त्या जागी काम पडलं की कोसळतं.

तिसरी खूण मला सगळ्यांत बोलकी वाटते. घासून बसवल्यावर आठ दिवस चाललं. चिपच मेली असती तर घासून ती जिवंत झाली नसती. म्हणजे बहुतेक सांधा, रॅमचे सोनेरी दात आणि स्लॉटमधल्या पत्त्या यांचा संपर्क, बिघडलेला आहे. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पडवीत खारं वारं दोन्हीकडून येतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांना त्याहून बरीच कमी आर्द्रता पुरते. मदरबोर्डवर बसलेल्या धुळीत हेच मीठ असतं. आषाढ-श्रावणात ते ओलं होतं आणि धातूवर काम सुरू करतं. तुमचा त्रास मिरगापासून सुरू झाला, त्याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

आता खोडरबराबद्दल. आमच्या धंद्यातली ही जुनी सवय आहे, मीही वर्षानुवर्षं तेच केलं आणि आता कुणालाही करू देत नाही. दातांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, त्याखाली निकेल आणि त्याखाली तांबं. रबर डाग काढतं आणि थोडं सोनंही काढतं. कोरड्या गावात हे कदाचित खपून जाईल. आपल्याकडे उघडं पडलेलं निकेल-तांबं पुढच्याच पावसाळ्यात काळं-हिरवं होतं. शिवाय रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागा. धागे न सुटणाऱ्या कापडाला ते लावून दात पुसा. स्लॉट मऊ ब्रशने झाडा, आत सुई किंवा टाचणी घालू नका. हे सगळं करताना प्लग काढलेला हवा. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि त्यानंतरच रॅम धरा, तीही कडेने. पुन्हा बसवण्याआधी सगळं पूर्ण वाळू द्या.

पुसून झालं की तपासणी. विंडोजमध्ये स्वतःची चाचणी असते, स्टार्ट मेनूत ‘मेमरी’ टाइप केलं की विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक दिसतं. तिने दोष दाखवला तर विश्वास ठेवा, ‘सगळं ठीक’ म्हणाली तर निश्चिंत होऊ नका. मी भरवसा ठेवते तो मेमटेस्ट ८६ प्लसवर. ते मोफत आहे आणि विंडोजच्या बाहेर, थेट पेन ड्राइव्हवरून चालतं. पेन ड्राइव्ह भावाच्या लॅपटॉपवर तयार करा, त्यातलं आधीचं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवा. त्याआधी बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन मूळ सेटिंग परत आणा. रॅम जास्त वेगाने चालवणारी एक्सएमपी नावाची सोय कुणी चालू करून ठेवली असेल तर ती बंद होईल, कारण नुसत्या तेवढ्यानेही असे निळे पडदे येतात. मग चाचणी संध्याकाळी लावा आणि रात्रभर चालू द्या. पहिली फेरी स्वच्छ गेली म्हणून उठू नका, काही दोष मशीन तापल्यावर तिसऱ्या-चौथ्या फेरीला दिसतात. किती चुका चालतील, असं मला नेहमी विचारतात. एकही नाही.

चाचणीत चुकांच्या लाल ओळी दिसल्या म्हणून लगेच बाजारात जाऊ नका. रॅमच्या दोन पट्ट्या आहेत, त्यांना खडूने क आणि ख अशी खूण करा. एकटी क पहिल्या स्लॉटमध्ये घालून चाचणी करा, मग दुसऱ्यात. नंतर ख तशीच. (काही बोर्ड एक पट्टी ठरावीक स्लॉटमध्येच घ्या म्हणतात, ते बोर्डावर छापलेलं असतं.) क दोन्ही स्लॉटमध्ये चुका दाखवत असेल तर क गेली. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये चुकत असतील तर रॅम निर्दोष आहे, स्लॉट खराब आहे. एकेकट्या दोघी नीट आणि एकत्र घातल्यावर चुका, असं झालं तर दोघींचं जमत नाही किंवा बोर्डाला दोघींचा भार पेलत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक निकाल तारखेसह वहीत लिहा. सोबत पावसाची आणि लाइट गेल्याचीही नोंद ठेवा.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचं कारण माझ्याच दुकानात घडलेलं आहे. २०१४ च्या पावसाळ्यात आचऱ्याच्या एका शिक्षकांचं मशीन माझ्याकडे आलं. लक्षणं अगदी तुमच्यासारखी. गर्दी होती, मी चाचणी न लावता नवी रॅम घातली, अडीच हजार रुपये घेतले आणि जुनी भंगारात टाकली. बाराव्या दिवशी ते परत आले. भिंगाखाली पाहिलं तर स्लॉटच्या एका पत्तीवर हिरवट ठिपका होता. त्यांची जुनी रॅम चांगली होती. मी पैसे परत केले, पण मधल्या काळात त्यांनी मुलांचे गुण भरलेल्या तक्त्यातले काही आकडे आपोआप बदलले होते आणि ते त्यांना एकेक उत्तरपत्रिका काढून पुन्हा तपासावे लागले. त्या माणसाचा तो आठवडा मला परत करता आला नाही. त्या दिवसापासून रात्रभर चाचणी झाल्याशिवाय माझ्या दुकानातून कुणाला नवी रॅम दिली जात नाही.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा की, एक स्लॉट बिघडलेला निघेल. तसं झालं तर चांगल्या स्लॉटमध्ये एकच ४ जीबीची पट्टी ठेवून चतुर्थीपर्यंत काम भागेल, मशीन थोडं संथ चालेल इतकंच. पट्टीच खराब निघाली तर बिल शोधा. बऱ्याच कंपन्या रॅमला कित्येक वर्षांची वॉरंटी देतात, चाचणीच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि पट्टीवरचा स्टिकर सोलू नका. सगळ्या चाचण्या स्वच्छ आल्या तर तो निकालही कामाचा आहे, मग एसएमपीएस बदलून पाहू. मदरबोर्डचा खर्च सर्वांत शेवटी. दुरुस्ती झाल्यावर विंडोज एकदा नव्याने टाका, आधीचं अर्धवट उतरलेलं आहे.

आणि मशीन पडवीतून आतल्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंच न्या. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने दमट हवा टिकत नाही. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे, तेव्हा गिऱ्हाइकांचे सेट ठेवायच्या कपाटात आषाढापासून नवरात्रापर्यंत एक झिरोचा बल्ब अखंड जळत असे. आजही माझ्या सुट्या भागांच्या कपाटात तो आहे.

प्रश्न : माझा लॅपटॉप अर्धा-पाऊण तास व्हिडिओ एडिटिंग केलं की अचानक बंद पडतो. मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही चूक नाही. तरी मित्र रॅम बदल म्हणतो. — एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : बदलू नकोस. रात्रभर स्वच्छ चाचणी आणि ठरावीक वेळाने काही न सांगता बंद पडणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी उष्णतेकडे वळते. पंख्याच्या जाळीत धूळ आणि दमट हवेचा मिळून नमदा बसला असेल. तो साफ करून घे, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घे आणि गादीवर ठेवून काम करणं थांबव. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नल पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल, तिने घाबरू नकोस. मशीन रीतसर बंद झालं नव्हतं एवढंच ती सांगते, कारण सांगत नाही. चार्जर लावलेला असताना आणि नसताना फरक पडतो का तेही बघ आणि मला कळव.

प्रश्न : लाइट गेली की घराचा इन्व्हर्टर सुरू होतो, पंखे चालतात, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. रॅम कमजोर असेल का? — एक वाचक, दापोली

उत्तर : रॅमचा यात काही संबंध नाही. वीज तुटल्यावर कॉम्प्युटरचा एसएमपीएस पूर्ण भाराखाली साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं. वीज गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जी फट पडते ती पंख्याला जाणवत नाही, कॉम्प्युटरला जाणवते. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण आहे का बघा. नॉर्मलवर असेल तर यूपीएसवर करा. तसं बटण नसेल तर कॉम्प्युटरपुरता छोटा यूपीएस घ्या. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, तुमच्या भागातून आलेल्या कितीतरी मशीनच्या डिस्क अशा अचानक तुटलेल्या विजेने खराब झालेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हे काम या आठवड्यातच करा.