नव्या बेकरीतलं जपानी मोची खावं का? अंडं असतं का त्यात?

तुम्ही विचारलंय की सध्या सगळ्यांच्या स्टेटसला मोचीच (चिकट तांदळाचा मऊ जपानी पदार्थ) दिसतंय, तर ते आम्हा शाकाहारी लोकांना चालेल का, आणि घरच्या ऐंशीच्या आजींसाठी न्यावं का.

मी छत्रपती संभाजीनगरात, कॅनॉटजवळच्या एका नव्या बेकरीत दोनदा खाल्लंय. साध्या मोचीत अंडं नसतं, दूध नसतं, मैदाही नसतो. सारण भरलेल्या मोचीला जपानीत दाइफुकू म्हणतात. वरचं आवरण चिकट तांदळाचं. या तांदळात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जवळपास नसतंच, त्यामुळे शिजल्यावर दाणा मोकळा राहत नाही, ताणला जातो. आत अझुकीचं सारण. अझुकी म्हणजे मूग, उडीद, चवळी यांच्याच कुळातलं लाल कडधान्य. शिजवून, साखर घालून आटवतात. (उपवासाला अर्थातच नाही.) क्रीम किंवा मूस भरलेलं असेल तर मात्र जिलेटिन आहे का ते विचारून घ्या, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात.

आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अगं, हे तर पंचमीचं दिंड!" नागपंचमीला आपल्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडतात, तेच तिला आठवलं. आणि खरंच, अझुकीचं सारणही दोन तऱ्हांचं असतं, सालं गाळून अगदी मऊ केलेलं किंवा दाणे तसेच ठेवलेलं. पुरण यंत्रातून काढण्याआधीचं आणि नंतरचं, इतकाच फरक. गोडही बेताचं, आपल्या पुरणापेक्षा कमी.

पहिल्यांदा मात्र माझे १२० रुपये वाया गेले. काचेच्या फ्रिजमधून काढून दिलं, दात लावला तर आवरण रबरासारखं. रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवल्यावर सकाळी जसा कडक होतो, तसंच हे. दुसऱ्यांदा सकाळी गेले, आजचंच केलेलं आहे ना ते विचारलं आणि बाहेर ठेवलेलं मागितलं. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा. कानाच्या पाळीइतकं मऊ. तेव्हा कळलं, लोक का वेडे झालेत! आईस्क्रीम भरलेलं घेतलंत तर चार-पाच मिनिटं बाहेर राहू द्या, मग खा.

आता आजी. इथे कृपया घाई करू नका. हे आवरण घशाला चिकटतं. जपानमध्ये नवीन वर्षाला घरोघरी मोची खातात आणि दरवर्षी त्या दिवसांत वयस्कर माणसं घशात घास अडकून दगावतात. तिथलं अग्निशमन दलही बारीक तुकडे करा, नीट चावून खा, असं बजावत असतं. आजींना दात नसतील तर आवरण देऊच नका, नुसतं सारण चमच्याने द्या. माझ्या सासूबाईंना मी तसंच दिलं. त्यांनी वर तूप मागितलं.